सव्वीस गुण, पण डिप्लोमा नाही: कोल्हापूरच्या सार्वजनिक शाळेतलं आयबीचं एक प्रकरण

दिवाळीची सुट्टी संपते आणि आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाच्या तुकडीसमोर १५ नोव्हेंबर ही तारीख उभी राहते. मे महिन्याच्या परीक्षेच्या नोंदणीची ही पहिली मुदत असते. कोणता विषय कोणत्या पातळीवर द्यायचा, जास्त खोलीच्या हायर लेव्हलला की स्टँडर्ड लेव्हलला, हे त्याआधी पक्कं करावं लागतं. नंतर बदल करता येतात, पण जास्तीचं शुल्क भरून, आणि तोवर हातातला वेळ निघून गेलेला असतो.

या प्रकरणातली शाळा, मुलगी आणि तिचे गुण अभ्यासासाठी कल्पून बांधलेले आहेत. आयबीचे नियम, तास, शब्दमर्यादा आणि गुणांकन मात्र प्रत्यक्षातले आहेत. शाळा कोल्हापूर शहरातली, सार्वजनिक पैशावर चालणारी. अकरावी-बारावीला राज्य मंडळाच्या तुकड्यांबरोबर डिप्लोमाची २४ मुलांची एक तुकडी आहे. मुलगी करवीर तालुक्यातल्या गावातून केएमटीच्या बसनं ये-जा करते. घरी ऊसशेती, दहावी सेमी-इंग्रजीतून, ९४ टक्के. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी तिचे अंदाजित गुण मांडले, प्रत्येक विषयाला ७ पैकी, ते असे:

फिजिक्स, हायर लेव्हल: ४
केमिस्ट्री, हायर लेव्हल: ४
इंग्लिश बी, हायर लेव्हल: ३
मॅथ्स अ‍ॅनालिसिस, स्टँडर्ड लेव्हल: ५
मराठी साहित्य, स्टँडर्ड लेव्हल, स्वयंअध्ययन: ६
इकॉनॉमिक्स, स्टँडर्ड लेव्हल: ४
थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान म्हणजे काय याचा विषय): डी. एक्स्टेंडेड एसे (दीर्घ संशोधन निबंध): डी. या दोन श्रेणींचे मिळून जादा गुण: ०

बेरीज २६.

डिप्लोमाला किमान २४ गुण लागतात हे तुकडीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्यामुळे शाळेच्या बैठकीत ही मुलगी आधी सुरक्षित मुलांच्या रकान्यातच होती. पालक-भेटीत आईनंही तेच विचारलं, "सव्वीस हाईत न्हवं मॅडम, मग पास झालीच की वो?" समन्वयक मॅडमनी कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला आणि पहिल्या तीन ओळींखाली रेघ मारली. ४ अधिक ४ अधिक ३ म्हणजे ११. हायर लेव्हलच्या तीन विषयांत मिळून १२ गुण हवेत. एक गुण कमी आहे, आणि एकूण बेरीज कितीही असली तरी तो एक गुण डिप्लोमा अडवतो.

म्हणून डिप्लोमाच्या अटी एकत्रच वाचाव्या लागतात. एकूण २४ किंवा जास्त. हायर लेव्हलचे १२, स्टँडर्ड लेव्हलचे ९. कुठल्याही विषयात १ नको. २ हा गुण दोनपेक्षा जास्त विषयांत नको. ३ किंवा त्याखालचा गुण तीनपेक्षा जास्त विषयांत नको. थिअरी ऑफ नॉलेज किंवा एक्स्टेंडेड एसेमध्ये ई ही सगळ्यात खालची श्रेणी आली की डिप्लोमा गेला. कॅस (सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा) अपुरं राहिलं तरी गेला. यातल्या कोणत्या अटीवर मूल अडतंय हे एकूण बेरजेच्या रकान्यात कधीच दिसत नाही. म्हणून अंदाजित गुणांच्या तक्त्यात हायरची बेरीज आणि स्टँडर्डची बेरीज असे दोन वेगळे रकाने पहिल्या वर्षापासून असायला हवेत. या शाळेच्या तक्त्यात ते नव्हते.

मुलीला कोल्हापुरात किंवा पुण्यात अभियांत्रिकीला जायचं आहे. भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा मानतो, पण त्यासाठी हातात डिप्लोमा लागतो, सुट्या विषयांचा निकाल पुरत नाही. निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. पुन्हा परीक्षा द्यायची तर पुढचं सत्र नोव्हेंबरचं, म्हणजे प्रवेशाचं एक वर्ष गेलंच. तो एक गुण मेच्या परीक्षेतच मिळवावा लागणार होता.

पातळी बदलून सुटेल का

बैठकीत पहिली सूचना आली ती सोपी वाटणारी होती. इंग्लिश बी स्टँडर्डला आणा आणि दुसरा एखादा विषय हायरला न्या. हायरचे विषय तीन तर हवेतच. मग न्यायचा कोणता?

मराठी तिचा सगळ्यात भक्कम विषय, ६ गुणांचा. पण ती तो स्वयंअध्ययनाच्या मार्गानं देतेय, आणि तो मार्ग फक्त स्टँडर्ड लेव्हललाच उपलब्ध आहे. हायरला न्यायचा तर विषय वर्गात शिकवलेला असावा लागतो, २४० तास. साहित्यकृतींची संख्या ९ वरून १३ वर जाते आणि १२०० ते १५०० शब्दांचा वेगळा निबंध लिहावा लागतो. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात हे दार बंद झालेलं असतं.

मॅथ्स हायरला नेणं म्हणजे चार महिन्यांत नवा अभ्यासक्रम. त्यावर कुणी फार बोललं नाही. इकॉनॉमिक्सचा विचार मात्र गांभीर्यानं झाला. स्टँडर्डचे १५० तास, हायरचे २४०, फरक ९० तासांचा. फेब्रुवारीअखेरपर्यंत १६ आठवडे धरले तर आठवड्याला साडेपाच तासांहून जास्त. आणि स्टँडर्डला ४ असलेल्या मुलीला हायरला ४ टिकेलच असं नाही, ३ ची शक्यता जास्त. म्हणजे ९० तास घालून बेरीज पुन्हा ११.

विषयांची रचना आहे तशीच राहिली. ११ चे १२ दोन वाटांनी होऊ शकतात: इंग्लिश बी ३ वरून ४, किंवा फिजिक्स ४ वरून ५. एकाच वाटेवर विसंबून १२ च्या काठावर उभं राहण्यापेक्षा दोन्ही वाटांवर काम करून १३ चं लक्ष्य ठेवायचं ठरलं. केमिस्ट्रीला हात लावायचा नाही, ४ सांभाळायचा.

चूक कुठे झाली ते आधी

हा पेच पहिल्या वर्षी विषय निवडताना तयार झाला. इंग्रजी कच्ची आहे, म्हणून ती हायरला घेतली की पक्की होईल, असं घरच्यांनाही वाटलं आणि शाळेनंही मान डोलावली. मराठी येतेच, म्हणून तिच्यासाठी तासिका ठेवायची गरज नाही, स्वयंअध्ययन पुरे. दोन्ही निर्णय मायेपोटीच घेतलेले, आणि दोन्ही उलटे.

आयबीत इंग्लिश बी हा इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचा विषय आहे, आणि तो स्टँडर्ड लेव्हललाही पूर्ण मानाचा आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, इकॉनॉमिक्स, मॅथ्स ही मुलगी इंग्रजीतूनच शिकते. तिची इंग्रजी तिथं रोज घडतेच. उलट मराठी साहित्य वर्गात शिकवून हायरला ठेवलं असतं तर हायरच्या ओळी ४, ४ आणि ५ किंवा ६ अशा झाल्या असत्या, म्हणजे १३-१४. त्यासाठी शाळेनं विषयाची मागणी आयबीकडे वेळेत नोंदवून संमती घ्यायला हवी होती आणि आठवड्याला सहा तासिका काढायला हव्या होत्या. कोल्हापूरच्या शाळेत मराठीचे शिक्षक नाहीत असं तर नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची सगळ्यात मोठी ताकद आपणच स्टँडर्डच्या कोपऱ्यात ठेवतो आणि मग हायरच्या बेरजेत एक गुण शोधत बसतो. सार्वजनिक शाळेनं ही चूक करू नये, कारण तिच्याकडे येणारी बहुतेक मुलं याच ताकदीची असतात.

पालकांना यातली एक गोष्ट सांगितलेली बरी. मराठी साहित्यात ३ किंवा जास्त आणि इंग्रजीतून दिलेल्या विज्ञानात किंवा इकॉनॉमिक्ससारख्या विषयात ३ किंवा जास्त गुण मिळाले, की विद्यार्थ्याला बायलिंग्युअल, म्हणजे द्विभाषिक, डिप्लोमा मिळतो. मराठी घेतल्यानं प्रमाणपत्राचं वजन वाढतं.

दुसरं कारण वेळापत्रकात आहे. हायरचे तीन विषय ७२० तास, स्टँडर्डचे तीन ४५०, थिअरी ऑफ नॉलेज १००. एकूण १२७० तास. अकरावीचे प्रवेश लांबून वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले, तर तिथून तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या एप्रिल मध्यापर्यंत सुमारे ८९ आठवडे मिळतात. दोन दिवाळ्यांचे सहा, उन्हाळ्याचे सहा, सणवार आणि पुरापावसाचे पाच, पहिल्या वर्षाच्या परीक्षांचे चार, शेवटच्या सराव परीक्षा आणि उजळणीचे आठ वजा केले की ६० उरतात. १२७० तास भागिले ६० आठवडे म्हणजे ४० मिनिटांच्या जवळजवळ ३२ तासिका दर आठवड्याला. हायरच्या विषयाला सहा, स्टँडर्डच्या विषयाला पावणेचार, थिअरी ऑफ नॉलेजला अडीच. हे बसतं. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं वर्ष आलं तर पाच आठवड्यांचा हिशोब तोकडा पडतो, एवढं लक्षात ठेवून.

तासिका बसल्या, पण कामांचा क्रम बसला नाही. राज्य मंडळाच्या सवयीनं शिक्षकांनी आधी पोर्शन संपवला आणि लेखी प्रकल्प 'नंतर' वर ढकलले. नंतर म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर. आता मोजा. फिजिक्सचा अंतर्गत अहवाल ३००० शब्द. केमिस्ट्रीचा ३०००. इकॉनॉमिक्सची ८०० शब्दांची तीन टिपणं, २४००. एक्स्टेंडेड एसे ४०००. थिअरी ऑफ नॉलेजचा निबंध १६००. बेरीज १४,००० शब्द, सगळे इंग्रजीत. शिवाय मॅथ्सचं १२ ते २० पानांचं एक्स्प्लोरेशन आणि इंग्लिश बीची तोंडी परीक्षा. दहावीपर्यंत ज्या मुलीनं इंग्रजीत एका वेळी पान-दीड पानाहून जास्त कधी लिहिलेलं नाही, तिच्यासमोर हे सगळं तीन महिन्यांत आलं. डी आणि ३ हे गुण त्यातून आलेले आहेत. तिच्या बुद्धीचा त्यात दोष नाही.

काकवीचा प्रयोग

फिजिक्सच्या एकूण गुणांत अंतर्गत संशोधनाचा वाटा २० टक्के. संशोधन आराखडा, आकडेवारीचं विश्लेषण, निष्कर्ष आणि मूल्यमापन असे चार निकष, प्रत्येकी ६, एकूण २४ गुण. मुलीच्या कच्च्या अहवालाला सरांनी मनाशी ८ गुण दिले होते. ८ चे १६ झाले तर एकूण गुणांत ६.७ टक्क्यांची भर पडते. एका ग्रेडच्या सीमेवर असलेल्या मुलीसाठी एवढा फरक करू शकणारं दुसरं कुठलंच काम या महिन्यांत उरलेलं नव्हतं.

विषय तिनं स्वतः निवडलेला आणि छान: काकवी. गावच्या गुऱ्हाळावरून आणलेली, तापमान वाढवलं की पातळ होते ही घरची माहिती. प्रयोग तिनं पुस्तकातला घेतला, गोळी पडण्याच्या वेगावरून श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, काढण्याचा. उद्यमनगरातून आणलेली बेअरिंगची ३ मिमी व्यासाची स्टीलची गोळी, १०० मिलीची मोजनळी, चार तापमानं, प्रत्येकी एकच वाचन.

हा प्रयोग काकवीवर तीन जागी फसतो. पहिली गोष्ट, काकवी काळपट असते, गोळी दिसतच नाही. मुलगी तळाशी 'टिक' आवाज आला की स्टॉपवॉच थांबवत होती. दुसरी, १०० मिलीच्या मोजनळीचा आतला व्यास तीन सेंटीमीटरच्या आत असतो. गोळीचा व्यास त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला की भिंतीच्या जवळपणामुळे गोळीचा वेग वीस टक्क्यांहून जास्त मंदावतो, आणि वेगावरून श्यानता काढायचं स्टोक्सचं सूत्र भिंत धरतच नाही. रुंद नळी घेतली तर भिंतीचा त्रास कमी होतो, पण गोळी आणखी दिसेनाशी होते. तिसरी, गरम काकवीत गोळी दोन-तीन सेकंदांत तळ गाठते. हातानं घड्याळ दाबण्यातली ०.२ सेकंदाची चूक तिथं आठ-दहा टक्के होते.

सरांनी अहवालावर लेखी शेरा मारला नाही, ते योग्यच झालं. आयबीच्या नियमानुसार शिक्षक अहवालाच्या एकाच मसुद्यावर सूचना देऊ शकतात, त्यानंतरची प्रत अंतिम. फसलेल्या प्रयोगाच्या मसुद्यावर ती संधी वापरली असती तर नंतर हात बांधले गेले असते. त्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावून फक्त प्रश्न विचारले: गोळी दिसत नाही, तर काकवीचं दुसरं काय दिसतं, काय मोजता येतं? वाहणं दिसतं, असं तीच म्हणाली.

नवी मांडणी अशी झाली. २० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, खालच्या टोकाला आतून ४ मिमी व्यासाची, ५ सेंमी लांबीची नळी घट्ट बसवायची. ती उभी स्टँडवर अडकवून भोवती दोन लिटरच्या कापलेल्या बाटलीत गरम पाणी भरायचं, म्हणजे काकवी वाहताना थंड होत नाही. थर्मामीटर पाण्यात नको, काकवीत. पाण्यानं तापमान गाठल्यावर काकवी गाठायला दहा-पंधरा मिनिटं घेते, तोवर हलकं ढवळत थांबायचं. मग ठरावीक दोन खुणांमधली १० मिली काकवी वाहून जायला लागणारा वेळ मोबाइलवर सेकंदाला ६० चित्रांच्या वेगानं टिपायचा. तापमानं ३०, ४०, ५०, ६०, ७० अंश सेल्सिअस, प्रत्येकी पाच वाचनं, एकूण २५.

नळीचा व्यास इथं फार नाजूक असतो. वाहण्याचा वेग त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, म्हणून त्रिज्येच्या मोजमापात १० टक्क्यांची चूक झाली तर श्यानतेत ४६ टक्क्यांची होते. त्यामुळे श्यानतेचा नेमका आकडा काढण्याचा हट्ट सोडायचा आणि प्रश्न बदलायचा: '३० ते ७० अंशांदरम्यान तापमान बदललं की काकवीची श्यानता ३० अंशांच्या तुलनेत कशी बदलते?' नळी तीच राहिली की त्रिज्येची चूक तुलनेत कटून जाते. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे, पण संशोधन आराखड्याच्या निकषात तोच सगळ्यात मोलाचा ठरतो.

काकवीचीही काळजी घ्यावी लागते. सगळी एकाच डब्यातली हवी, कारण दोन गुऱ्हाळांची काकवी सारखी घट्ट नसते. तळाला साखरेची कणी बसलेली असते, ती मलमलच्या फडक्यानं गाळून घ्यायची, नाहीतर नळीच्या तोंडाशी अडकून एखादंच वाचन विनाकारण लांबतं. गरम करताना पाणी उडून ती घट्ट होते, म्हणून प्रत्येक तापमानाला ताजा नमुना घ्यायचा, झाकून ठेवायचा आणि आधी-नंतर ०.१ ग्रॅमपर्यंत वजन करायचं. वजनातली घट अहवालात आली की मूल्यमापनाच्या निकषात लिहायला काहीतरी खरं मिळतं. 'मानवी चुका झाल्या असतील' या वाक्याला तिथं काहीच मिळत नाही. कोणत्या चुकीनं निकाल कोणत्या बाजूला आणि साधारण किती सरकला, हे लिहावं लागतं.

आलेख वेळेच्या लॉगरिथमचा आणि केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्ताचा. बिंदू साधारण सरळ रेषेत आले की चढावरून ऊर्जेचा अडसर काढता येतो. प्रत्येक बिंदूवर अनिश्चिततेच्या पट्ट्या, आणि जास्तीत जास्त व कमीत कमी चढाच्या दोन रेघा. हे सगळं ३००० शब्दांत. दोन शनिवार प्रयोगाला, एक आठवडा आकड्यांना, एक लिहायला. या कामाला अभ्यासक्रमात १० तास धरलेले आहेत, त्यात ते बसतं.

एक सावधगिरी. तिचा एक्स्टेंडेड एसे इकॉनॉमिक्समध्ये आणि तोही गुळावर होता. एकच काम दोन ठिकाणी वापरणं आयबी गैरप्रकार मानतं. प्रयोग आणि बाजारभाव वेगळे असल्यानं इथं धोका नव्हता, पण गुळाची ओळख करून देणारे दोन परिच्छेद दोन्हीकडे जसेच्या तसे होते. ते काढायला लावले.

इंग्लिश बी: कुठले गुण मिळवता येतात

हायर लेव्हलच्या इंग्लिश बीत लेखन २५ टक्के, ऐकणं २५, वाचन २५, तोंडी २५. मुलीचं वाचन बरं होतं. ऐकणं वाईट, लेखन त्याहून वाईट.

लेखनात दीड तासात ४५० ते ६०० शब्दांचा एकच मजकूर लिहायचा असतो, ३० गुणांचा: भाषेला १२, आशयाला १२ आणि मजकुराचा प्रकार, वाचक व हेतू यांच्या जाणिवेला ६. प्रश्नात मजकुराचे तीन प्रकार दिलेले असतात, त्यातला परिस्थितीला साजेसा आपण निवडायचा. मुलगी दरवेळी निबंध लिहीत होती. नगरसेवकाला पत्र असो की शाळेतलं भाषण, सुरुवात प्रस्तावनेनं, शेवट उपसंहारानं. तिचे गुण व्याकरणापेक्षा इथं जास्त जात होते. त्यामुळे जानेवारीपर्यंत व्याकरणाच्या वह्या बाजूला ठेवल्या. आठवड्याला दोन मजकूर, दरवेळी वेगळा प्रकार. लिहिण्याआधी तीन ओळी मराठीत: कोण लिहितंय, कुणाला, आणि वाचून त्या माणसानं काय करावं. या तीन ओळी मराठीत लिहायला मिळाल्यावर तिचं इंग्रजीही लगेच सैल झालं, हे शिक्षिकेनं पहिल्याच आठवड्यात टिपलं.

ऐकण्याच्या परीक्षेत तीन ध्वनिफिती, प्रत्येक दोनदाच वाजते. रोज १५ मिनिटं, वेगवेगळ्या उच्चारांची. पहिल्यांदा काही न लिहिता ऐकायचं, दुसऱ्यांदा उत्तरं. तिसऱ्यांदा कधीच नाही, कारण घरी तिसऱ्यांदा ऐकायची सवय लागली की परीक्षेत दुसऱ्या फेरीत घाबरगुंडी उडते.

तोंडी परीक्षा अजून झालेली नव्हती, हीच जमेची बाजू. हायरला अभ्यासलेल्या साहित्यकृतींपैकी सुमारे ३०० शब्दांचा उतारा मिळतो, २० मिनिटं तयारी, मग १२ ते १५ मिनिटं बोलणं. बहुतेक मुलं उताऱ्याचा सारांश सांगण्यात वेळ घालवतात. तिला उताऱ्यातली एक ओळ धरून त्यावर बोलायचा सराव दिला, आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या शिक्षकांसमोर. तोंडी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवली, डिसेंबरात नाही.

बाकीच्या कामांची बोळवण

एक्स्टेंडेड एसेचा मसुदा २६०० शब्दांचा होता, त्यातले जेमतेम तीनशे शब्द विश्लेषणाचे. शीर्षकच मोठं, 'कोल्हापुरी गुळाचं अर्थशास्त्र'. विषय बदलणं या टप्प्यावर आत्मघात. प्रश्न अरुंद केला: भौगोलिक मानांकन असलेल्या कोल्हापुरी गुळाला शहरातल्या किरकोळ दुकानांत साध्या गुळापेक्षा जास्त भाव मिळतो का, आणि का? पंधरा दुकानं, एकाच आठवड्यातले दर, शाहू मार्केट यार्डातल्या घाऊक दरांशी तुलना. ही माहिती दोन दिवसांत मिळते. डी चा सी झाला आणि थिअरी ऑफ नॉलेजचाही सी झाला तर एक गुण मिळतो, पण खरी काळजी गुणाची नव्हती, डी चा ई होऊ नये याची होती. त्यामुळे या दोन्ही कामांना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची शाळेची मुदत घातली, आयबीकडे निबंध मार्चमध्ये चढवायचे असले तरी.

कॅसमध्ये ती पंचगंगेच्या घाटावरच्या स्वच्छतेत नियमित जात होती. फोटो भरपूर, चिंतनाच्या नोंदी दोनच. फोटोंवर कॅस पूर्ण होत नाही, सातही अपेक्षित निष्पत्तींचा पुरावा लागतो. दर रविवारी बसमध्ये दहा ओळी मोबाइलवर लिहायच्या, एवढाच उपाय.

मराठी आणि मॅथ्सला या १६ आठवड्यांत जास्तीचा वेळ दिला नाही. त्यावर बैठकीत वाद झाला, आणि तो रास्त होता. ६ चा ७ करणं या मुलीला शक्य होतं. पण तो गुण स्टँडर्डच्या बेरजेत पडला असता, जिथं आधीच १५ आहेत आणि ९ पुरतात.

फेब्रुवारीअखेर

फिजिक्सचा अंतिम अहवाल १५ गुणांचा ठरला. ७० अंशांची वाचनं अपेक्षेपेक्षा विखुरलेली निघाली. कारण तिनं शोधलं: त्या तापमानाला वाहण्याचा वेळ इतका कमी होता की सिरिंजमधली पातळी खुणेवर नेमकी कधी आली हे चित्रातही धूसर दिसत होतं. हे तिनं लपवलं नाही, मूल्यमापनात मांडलं, आणि पुढच्या वेळी ७० अंशांना अरुंद नळी वापरून दोन्ही नळ्यांची ५० अंशांवर सांगड घालता येईल असं लिहिलं. सरांच्या मते अहवालातला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच होता.

इंग्लिश बीची तोंडी बरी झाली. सराव परीक्षेत लेखन सुधारलं, ऐकणं अजून काठावर. एप्रिलमध्ये आयबीला कळवायच्या अंदाजित गुणांत फिजिक्स ५, केमिस्ट्री ४, इंग्लिश बी ४ असे मांडले गेले, हायरची बेरीज १३. त्यातला इंग्लिशचा ४ शिक्षिकेनं दोनदा विचारपूर्वक तपासला, कारण फुगवलेला अंदाज मुलीच्या कामाचा नसतो. शेवटच्या आठ आठवड्यांत रोजची १५ मिनिटं ऐकणं चालूच ठेवलं.

पुढच्या तुकडीच्या विषय निवडीच्या अर्जात शाळेनं तीन बदल केले. मराठी साहित्य हायर लेव्हलच्या रकान्यात आलं आणि तिच्यासाठी आठवड्याला सहा तासिका राखल्या गेल्या. इंग्लिश बी हायरला हवी असेल त्या मुलानं आधी ४५० शब्दांचं एक पत्र शाळेत बसून लिहून दाखवायचं. आणि डॉक्टर व्हायचं आहे अशा मुलांसाठी वेगळा कागद जोडला, कारण नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात आणि डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात. तिसऱ्यासाठी इकॉनॉमिक्ससारखा सामाजिक शास्त्रांच्या गटातला विषय सोडायचा तर नॉन-रेग्युलर डिप्लोमाची परवानगी शाळेलाच आयबीकडे, विद्यापीठाची अट पुराव्यासह दाखवून, आधी मागावी लागते. आयबीला पाठवायच्या मराठीच्या मागणीपत्रावर समन्वयक मॅडमनी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात सही केली, प्रवेशाची यादी पूर्ण लागायच्या आधी.